बेहड्यातली ढोली, ककणेर आणि लाकूडवाल्याचा ॲडव्हान्स

नमस्कार. प्रश्न एकट्या तुमचाच नाही, कोकणात निम्म्या गावांत हाच विषय चालू असतो, म्हणून जरा लांबच लिहितोय, सांभाळून घ्या.

मला समजलं ते असं. संगमेश्वर तालुक्यात तुमचं वडिलोपार्जित मालकीचं रान आहे, त्यात एक जुना बेहडा आहे आणि त्याच्या ढोलीत दर वर्षी ककणेर, म्हणजे धनेशाची (हॉर्नबिलची) एक जात, घरटं करतो. तुमच्या दादाने सगळ्या रानाचा लॉट लाकूडवाल्याला द्यायचं ठरवलंय, थोडा ॲडव्हान्सही घेतलाय, शिमग्याला सगळे गावी आले की सह्या होतील आणि मग तोड सुरू. तुम्ही पुण्यात, झाड वाचावं असं वाटतंय, पण दादा म्हणतो नेटवर बघ, 'नियर थ्रेटन्ड' लिहिलंय म्हणजे अजून धोक्यात नाही, आणि आपल्याकडे तर रोज दिसतात, एक झाड गेलं तर दुसरं शोधतील. आणि फारच वाटलं तर लाकडाची पेटी लावू.

तुम्ही विचारलंय 'हा पक्षी खरंच धोक्यात आहे का', पण मला वाटतं खरा प्रश्न तो नाहीच. खरा प्रश्न हा की हे एक झाड गेल्याने काही फरक पडतो का. त्याचं माझं उत्तर हो, पडतो, आणि बऱ्यापैकी पडतो. आता का ते सांगतो.

आधी एक खात्री करा, तो ककणेरच आहे ना. आपल्या राज्यात धनेश चार प्रकारचे. राखी धनेश म्हणजे पुण्या-मुंबईत सोसायटीच्या पिंपळावरसुद्धा दिसतो तो, त्याला सध्या तसा धोका नाही. मलबारी राखी धनेश फक्त पश्चिम घाटात, जगात दुसरीकडे कुठेच नाही, आणि तो अलीकडे 'व्हल्नरेबल' म्हणजे संकटग्रस्त यादीत गेलाय. मग ककणेर, पुस्तकातला मलबारी कवड्या धनेश, काळी मान, पांढरं पोट, पिवळट चोचीवरच्या शिंगावर काळा डाग. आणि चौथा राजधनेश, ज्याला आपल्याकडे बरेच लोक सरळ गरुड म्हणतात, मान पिवळसर, पंखात पांढरे पट्टे, पांढऱ्या शेपटीत काळा आडवा पट्टा, उडताना पंखांचा आवाज लांबून येतो. हा राजधनेश २०१८ पासून जागतिक यादीत व्हल्नरेबल आहे. तुमच्या बेहड्यात हा असेल तर गोष्ट अजून गंभीर, कारण त्याला ढोली अजून मोठी लागते आणि तेवढी झाडं आता शोधावी लागतात. फोटोवरून ओळख दोन मिनिटांत होईल. पुढचं सगळं मी ककणेर धरून लिहितोय.

आता दादाचा पहिला मुद्दा, 'नियर थ्रेटन्ड'. ही आययूसीएनची, म्हणजे निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची लाल यादी आहे, ती एका जातीचं सगळ्या पट्ट्यातलं मिळून चित्र बघते. ककणेर पश्चिम घाटात तुकड्या-तुकड्यांत, मग मध्य भारतात, पूर्वेकडे छोटा नागपूरच्या बाजूला आणि श्रीलंकेत. सगळ्याची मिळून सरासरी. संख्या किती वेगाने घटतेय ते तीन पिढ्यांच्या काळात मोजतात, ३० टक्क्यांच्या वर घट दिसली की व्हल्नरेबल, त्याच्या जवळपास असेल तर नियर थ्रेटन्ड. म्हणजे ती उंबरठ्यावरची जागा आहे, त्याचा अर्थ 'बिनधास्त' असा लावायचा नाही. आणि उंबरठा ओलांडायला किती वेळ लागतो त्याचं एक उदाहरण ह्याच कुळात आहे. आग्नेय आशियात हेल्मेटेड हॉर्नबिल म्हणून धनेश आहे, त्याच्या डोक्यावरचं शिंग भरीव असतं, कोरीव कामासाठी त्याला चीनच्या बाजारात प्रचंड मागणी आली. तो पक्षी नियर थ्रेटन्ड होता. २०१५ मध्ये थेट 'क्रिटिकली एन्डेंजर्ड' म्हणजे अतिसंकटग्रस्त केला, मधल्या दोन पायऱ्या गाळून. ककणेराच्या शिंगाला तसा बाजार नाही, ते आत बरंचसं पोकळ असतं, त्यामुळे अगदी तसंच होईल असं मी म्हणत नाही. पण यादीतला शब्द दाखवून झाड तोडायला मोकळीक घेणं बरोबर नाही एवढंच.

दुसरा मुद्दा, रोज दिसतात. ह्याने भलेभले फसतात. धनेश दीर्घायुषी पक्षी आहे. मुंबईत बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या) ऑफिसात विल्यम नावाचा एक राजधनेश पाळलेला होता, १८९४ मध्ये कारवारकडून पिल्लू म्हणून आणलेला, तो १९२० पर्यंत जगला, त्यांच्या बोधचिन्हात आजही तोच आहे. रानातला पक्षी एवढा जगेलच असं नाही, पण अंदाज येतो. म्हणजे एखाद्या पट्ट्यातली ढोलीची झाडं आज सगळी गेली तरी तिथले मोठे पक्षी पुढची कित्येक वर्षं उंबरावर, वडावर येत राहणार, तुम्हाला-मला दिसत राहणार, आपण म्हणणार आहेत की भरपूर. फक्त नवीन पिल्लू नाही. आणि मग एका टप्प्यावर म्हातारे पक्षी संपतात आणि लोक म्हणतात, अरे अचानक कुठे गेले. त्यामुळे 'किती दिसतात' ह्यापेक्षा मी नेहमी 'ह्या वर्षी किती ढोल्यांतून पिल्लं बाहेर पडली' हे विचारतो. हा आकडा गावात कुणीच ठेवत नाही.

आता ढोलीचं गणित, कारण सगळी मेख इथे आहे. धनेशाची चोच एवढी मोठी, पण त्याला सुतारपक्ष्यासारखं लाकूड कोरता येत नाही. त्याला तयार ढोली लागते. ती कशी होते तर जुन्या झाडाची जाड फांदी वादळात मोडते, तिथे पाणी मुरतं, बुरशी लागते, आतला गाभा हळूहळू कुजत जातो, आणि कित्येक वर्षांनी आत एक मोठा पक्षी पिल्लांसकट बसेल एवढी जागा तयार होते. तोंड मात्र अरुंद हवं, जमिनीपासून उंच हवं, आत पाणी साठायला नको. एवढ्या सगळ्या अटी पुऱ्या करणारं झाड शेकड्यात एखादं, आणि ते जुनंच असणार, बेहडा, आंबा, सातवीण असं काहीतरी. कोकणात अशी झाडं उरलीयेत देवरायांत नाहीतर मालकीच्या रानात. म्हणजे तुमच्यासारख्यांच्या सातबाऱ्यावर. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल फारच थोडं, त्यामुळे इथे अभयारण्य करून सोडवता येईल असा हा प्रश्नच नाही.

आणि ढोली मिळाली की जोडी तीच ढोली वर्षानुवर्षं वापरते. फेब्रुवारी-मार्चमध्ये मादी आत जाते आणि स्वतःची विष्ठा, फळांचा चोथा, माती असं लावून तोंड लिंपून घेते, उभी एक फट तेवढी राहते, त्यातून चोचीचं टोक बाहेर येईल एवढीच. आत गेल्यावर ती पंखांची मोठी पिसं गाळते, म्हणजे त्या काळात तिला उडता येत नाही. साधारण तीन महिने ती आणि पिल्लं पूर्ण नरावर अवलंबून. अंडी दोन-तीन, वाढतात बहुतेक एक किंवा दोनच पिल्लं. मेच्या शेवटी, जूनच्या सुरुवातीला बाहेर पडतात. ह्या तीन महिन्यांत नर मेला, कुणी मारला, तारेला लागला, की आतल्या सगळ्यांचा खेळ खलास होऊ शकतो.

आता तारखा जुळवून बघा. शिमगा मार्चमध्ये. चाकरमानी येतात, सह्या होतात, रस्ते कोरडे असतात, पाऊस लागायच्या आत माल उचलायचा असतो, म्हणून तोड मार्च ते मे. म्हणजे आपल्याकडे तोडीचा सीझन आणि धनेशाचा घरट्याचा सीझन अगदी तंतोतंत एक. माणसाने ठरवून केलं नाहीये हे, पण झालंय तसं. झाड पडतं तेव्हा मादी आत असते, बंद.

एकदा वेळ काढून घरट्यावर लांबून बसाच, दादालाही घेऊन. नर येतो तेव्हा लगेच झाडावर बसत नाही, शेजारच्या झाडावर थांबतो, इकडे-तिकडे बघतो. मग ढोलीपाशी खोडाला लटकतो, शेपटी टेकवून, मान आत-बाहेर करतो आणि घशातून एक फळ चोचीच्या टोकावर आणतो. ते फटीतून आत देतो. मग परत मान हलवायची, दुसरं फळ. असं एकेक करून मूठभर उंबरं नाहीतर बाकीची फळं काढत राहतो, तुम्हाला वाटतं संपली, तोवर अजून एक येतं. मधेच एखादा सरडा नाहीतर मोठा किडा असतो, पिल्लं वाढत असताना नुसत्या फळांवर भागत नाही. आतून मादी बिया बाहेर टाकते, विष्ठाही फटीतूनच बाहेर, त्यामुळे झाडाखाली बियांचा सडा पडलेला असतो. पावसाळ्यात त्या झाडाखाली वाकून बघा, किती जातींची रोपं उगवलेली असतात ती. मी नर्सरीसाठी सगळ्यात आधी तिथेच जातो. तुमच्या बेहड्याखाली काय उगवलंय ते पाहिलं तर हा पक्षी तुमच्या आसपास नेमकं काय खातो त्याची यादीच मिळते.

ह्यावरून पुढचा मुद्दा. दादा कदाचित म्हणेल, ठीक आहे, तो एक बेहडा सोडतो आणि बाकी साफ करतो. काहीच न सोडण्यापेक्षा बरं, पण हे म्हणजे खोली ठेवायची आणि गावातलं वाण्याचं दुकान बंद करायचं, तसं झालं. धनेशाला बारा महिने फळ लागतं. वड, पिंपळ, पायर, नांदरूक, उंबर ही सगळी एकाच कुळातली झाडं, आणि त्यांची गंमत अशी की ती सगळी एकदम फळत नाहीत. प्रत्येक जातीला परागीभवनासाठी आपली-आपली वेगळी बारीक गांधीलमाशी लागते, ती माशी जिवंत राहायची तर कुठल्या ना कुठल्या झाडावर फळ असावंच लागतं, म्हणून ह्या महिन्यात हा वड, पुढच्या महिन्यात तिकडची पायर असं चालू राहतं. जंगलात बाकी काही नसतं तेव्हा धनेश ह्यांच्यावर तगतो. पण त्यासाठी झाडं पाहिजेत पुरेशी, आणि पसरलेली. एका वडावर वर्ष निघत नाही.

बाकी मग मोसमी फळं. काजरा तर तुम्हाला माहीतच असेल, बी विषारी, गुरंसुद्धा नाद करत नाहीत, पण ककणेर त्याचा गर खातो आणि बी अख्खं बाहेर टाकतो. भेरली माडाची फळं खातो, जिला हात लावला तर आपल्याला खाज सुटते. रानजायफळ, धूप असली मोठ्या बीची फळं गिळून लांब नेऊ शकणारे पक्षी आपल्या रानात फार थोडे, धनेश त्यातला मोठा. म्हणून लाकूडवाला 'हे सगळं किटाळ आहे, काढून टाकू' असं ज्या झाडांना म्हणतो ना, उंबर, काजरा, नांदरूक, ज्यांच्या लाकडाला भाव नाही, नेमकी तीच ह्या पक्ष्याच्या पोटाची आहेत. निदान ती तरी लॉटमधून वगळायला सांगा, त्याला त्याचे पैसेही फारसे मिळत नाहीत.

आणि एकट्या झाडाचा अजून एक धोका. आजूबाजूचं रान काढलं की उरलेल्या म्हाताऱ्या झाडाला वारा थेट लागतो. आत पोकळ झालेलं झाड ते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा रायगडात आणि इकडे दापोली-मंडणगडला जुनी झाडं कशी आडवी झाली ते सगळ्यांनी पाहिलंय, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते. म्हणून ठेवायचंच असेल तर बेहड्याभोवतीचा पट्टाच्या पट्टा ठेवा, विशेषतः वाऱ्याच्या बाजूचा. किती, ते जागेवर अवलंबून. उतार कसा आहे, शेजारचं रान कुणाचं आहे, त्याने आधीच तोडलंय का. ते न बघता मी इतके मीटर असं सांगणार नाही.

पेटीचं म्हणाल तर, कृत्रिम घरट्यांचे प्रयोग झालेत आणि काही ठिकाणी चांगले यशस्वी झालेत. सिंगापूरला पुलाऊ उबिन बेटावर तिथल्या कवड्या धनेशांनी पेट्या छान स्वीकारल्या. थायलंडमध्ये दक्षिणेकडच्या बुडो डोंगरात डॉ. पिलाई पूनस्वाद यांनी कित्येक वर्षं काम केलंय, तिथे मोडकळीला आलेल्या ढोल्या दुरुस्त करणं आणि पेट्या लावणं दोन्ही झालं. आपल्याकडेही प्रयत्न झालेत. पण पेटी हा जिथे खायला आहे आणि फक्त ढोली नाही अशा जागेचा उपाय आहे. पेटीत सातेरी माश्या बसतात, घोरपड शिरते, लाकूड दोन-चार पावसात सुटतं, आतलं तापमान जिवंत खोडासारखं राहत नाही, एप्रिलच्या उन्हात तर नाहीच. दर वर्षी चढून बघणारा माणूस लागतो. आणि पक्षी घेईल की नाही ह्याची गॅरंटी कुणी देत नाही. चालू ढोली असलेलं झाड तोडायचं आणि पेटी लावायची, हा सौदा मला अजिबात मान्य नाही. पेटी लावायचीच तर बेहडा ठेवून दुसऱ्या झाडावर लावा, घेतली तर एक जोडी वाढली.

कायद्याचं थोडक्यात. मी वकील नाही, पण एवढं पक्कं माहीत आहे की ककणेर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. आणि त्या कायद्यात 'शिकार' ह्याची जी व्याख्या आहे त्यात पक्ष्याची अंडी नासवणं आणि घरट्याला उपद्रव देणं हेसुद्धा येतं. म्हणजे मार्चमध्ये मादी आत असताना तो बेहडा पाडला तर कागदावर ती शिकार धरता येते, आणि पहिल्या अनुसूचीसाठी शिक्षा किमान तीन वर्षं, सात वर्षांपर्यंत, वर दंड. लाकूडवाल्याला हे शांतपणे, लेखी कळवलंत तर तो स्वतःच त्या झाडापासून लांब राहतो असा माझा अनुभव आहे, त्यालाही लफडं नको असतं. पण खरं सांगायचं तर पावसाळ्यानंतर ढोली रिकामी असताना झाड तोडलं तर ह्या कलमाचा आधार पातळ होतो. शिवाय मालकी झाडांच्या तोडीला वेगळी परवानगी लागते, ती प्रक्रिया वनखात्याकडून जाते, तेव्हा त्या अर्जाच्या वेळीच वनपालांना घरट्याची लेखी माहिती आणि फोटो द्या, पोच घ्या. आणि सातबाऱ्यावर तुमचं नाव असेल तर तुमच्या सहीशिवाय हा व्यवहार सरळ होत नाही, हेही दादाला माहीत असणारच. पण भावाशी बोलताना सुरुवात कायद्याने करू नका. झाड वाचेल आणि घर मोडेल, त्यात काही अर्थ नाही.

सुरुवात पैशाने करा. दादाला पैसे का हवेत? घर शाकारायचंय, कुणाचं शिक्षण आहे, कर्ज आहे, की नुसतं 'जागा मोकळी पडलीये, काजू लावू' असं आहे? ह्यावर सगळं अवलंबून, आणि हे मला लांबून कळणार नाही. पुण्यात बसून 'पक्षी वाचव' म्हणणं सोपं असतं, गावी राहून घर चालवणाऱ्याला ते खुपतं, त्यात तो चुकीचा नाही. पण हिशेब म्हणून एक करा. लॉट बहुतेक मोघम ठरलेला असतो. त्यात ह्या बेहड्याचा वाटा किती ते लाकूडवाल्याला वेगळं विचारा. आतून पोकळ झाड, फळ्या निघत नाहीत, खोक्यांना नाहीतर सरपणाला जाणार, उत्तर ऐकून तुम्हालाच आश्चर्य वाटेल. ढोलीचं झाड लाकूड म्हणून जवळजवळ सगळ्यात स्वस्त असतं. तेवढी रक्कम भावंडांत मिळून तुम्ही दादाला दिलीत तर विषय तिथेच मिटू शकतो. मी अशी झाडं सुटलेली पाहिलीयेत, चार चाकरमान्यांनी वर्गणी काढून.

शिवाय बेहड्याचं फळ विकलं जातं. त्रिफळा चूर्णातला एक हिस्सा तोच. पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था आपल्या पट्ट्यात ह्याच विषयावर काम करत आलीये, हिरडा-बेहड्याची फळं नीट पद्धतीने गोळा करायची, 'फेअरवाइल्ड' हे रानातला माल जपून गोळा केल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं आणि आयुर्वेदिक मालाच्या चांगल्या खरेदीदाराला द्यायची, म्हणजे मोठा बेहडा उभा ठेवण्यात मालकाला दर वर्षी काहीतरी मिळतं आणि त्यातल्या ढोल्या धनेशाला राहतात. एका झाडाने श्रीमंत होणार नाही कुणी, आणि गोळा करायला मजूर मिळणं हाही प्रश्न आहेच. पण गावातले पाच-सात जण एकत्र आले तर विचारायला हरकत नाही.

अरुणाचलात पाक्के व्याघ्र प्रकल्पाच्या भागात अजून वेगळा मार्ग काढला. तिथे न्यिशी लोक डोक्यावरच्या टोपीत धनेशाची खरी चोच लावायचे, आता बरेच जण फायबरची लावतात. आणि घरटं दत्तक योजना सुरू झाली, २०११-१२ च्या सुमारास, नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन, वनखातं आणि गावबुढ्यांची (गावच्या मुखियांची) घोरा-आभे सोसायटी मिळून. शहरातली माणसं पैसे देतात, गावातल्या माणसांना घरट्यांची राखण करायचा पगार मिळतो, त्यातले काही पूर्वी शिकार करणारे. केरळात वाझाचलला कादर आदिवासी हेच करतात. आपल्याकडे ते जसंच्या तसं चालेल असं नाही, तिथे जमीन समाजाची किंवा वनखात्याची, इथे प्रत्येक झाडाला मालक आणि प्रत्येक मालकाचे सहा वारस. पण राखणीचे पैसे देण्याची कल्पना घेण्यासारखी आहे.

आणि हो, झाड वाचलं तर लगेच इन्स्टावर लोकेशन टाकू नका, हात जोडून सांगतो. एकदा गाड्या यायला लागल्या की त्रास वेगळाच. माणसं झाडाखाली बसली की नर घशात फळं घेऊन समोरच्या झाडावर नुसता बसून राहतो, ढोलीवर येत नाही, शेवटी निघून जातो, आणि फोटोवाल्याला वाटतं आज पक्षी आलाच नाही. निदान ५० मीटर लांब, आडोशाला, थोडाच वेळ, हा आमचा नियम. नुकतंच तोंड लिंपलेलं असताना तर जाऊच नका, त्या दिवसांत त्रास झाला तर मादी घरटं सोडूनही देते. गावातल्या पोरांना मात्र सांगून ठेवा, कारण अजूनही काही जण सांधेदुखीवर तेल म्हणून धनेशाची चरबी शोधत फिरतात. त्या तेलाने गुडघे बरे झालेला माणूस मला अजून भेटायचाय.

लावायचं काय विचारलंत तर ह्या पावसाळ्यात वड, उंबर, नांदरूक ह्यांच्या मनगटाएवढ्या फांद्या लावा, पावसाच्या सुरुवातीला, गुरांपासून कुंपण करून. बियांपासून करायची घाई नको, फांदीने लवकर मोठं होतं. बेहड्याखालची रोपं मिळाली तर तीच उचलून पिशवीत घ्या. रानजायफळाचं बी मिळालं तर ताजंच पेरा, वाळलं की उगवत नाही. काजऱ्याचं बी हाताळताना पोरांवर लक्ष ठेवा. आणि हे सगळं लावून ढोली होणार नाही तुमच्या हयातीत, हे धरून चाला. खाण्याची सोय होईल, ढोलीसाठी आहे तो बेहडाच.

म्हणजे क्रम असा ठेवा: आधी दादाशी पैशाचं बोलणं, मग लाकूडवाल्याच्या करारात हा बेहडा, भोवतीचा पट्टा आणि वड-उंबरं लेखी वगळणं, त्यावर लाल रंगाने खुणा करून घेणं कारण तोडणारे मजूर कागद वाचत नाहीत, आणि वनपालांकडे अर्ज. सह्या शिमग्याला व्हायच्या असतील तर हे सगळं त्याच्या आधी व्हायला हवं.

तुम्ही ढोलीचा फोटो टाका, खालून नको, लांबून झूम करून, आणि झाडाचा अख्खा फोटो एक, शेजारचं रान दिसेल असा. पक्ष्याच्या डोळ्याभोवतीची कातडी पांढरट दिसली तर ती मादी, काळपट दिसली तर नर. तोंड लिंपलेलं आहे की उघडं ते सांगा, त्यावरून आत्ता किती वेळ हातात आहे ते नीट सांगता येईल. दादा बोलायला तयार असतील तर फोनवर मी बोलेन त्यांच्याशी, तुम्ही मधे नसलात तर बरंच.